क्लोव्हरलीफ बांधला तर विमानतळाची वाट मोकळी होईल का?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर लगेच कळेल. तुम्ही डोंबिवलीला राहता. २५ डिसेंबर २०२५ला नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली, तेव्हापासून मुंबईच्या सहार विमानतळाला जाण्याऐवजी तुम्ही इकडून जाता. शिळफाटा, तळोजा, कळंबोली या वाटेने पहिल्या खेपेस ५० मिनिटांत पोचलात. दुसऱ्या खेपेस त्याच वाटेला पावणेदोन तास लागले आणि विमान जेमतेम मिळालं. महामार्गावर विमानतळासाठी एक मोठा क्लोव्हरलीफ, म्हणजे चार पाकळ्यांसारखे वळसे असलेला फाटा, बांधला तर हा त्रास संपेल, असं तुम्हाला वाटतं. तो का बांधत नाहीत, नवा इंटरचेंज, म्हणजे मोठे रस्ते सिग्नलशिवाय जोडणारा पुलांचा फाटा, कुठे आणि कसा हे ठरतं कसं, आणि त्याला इतकी वर्षं का लागतात, हे तुमचे प्रश्न.

मी गेली २४ वर्षं रस्त्यांचं नियोजन आणि वाहतुकीची मोजणी करते. महामार्गावरचे फाटे, उड्डाणपूल, इंटरचेंज हेच रोजचं काम. नवी मुंबई विमानतळाच्या रस्त्यांच्या कामात मी नव्हते, त्यामुळे तिथे कोणी कोणता निर्णय का घेतला यावर बोलणार नाही. असा प्रश्न माझ्या टेबलावर आला तर मी तो कसा सोडवेन, एवढं सांगते.

तुमच्या मजकुरातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे: एकदा ५० मिनिटं आणि एकदा पावणेदोन तास. दुखणं तिथेच आहे. रोज हमखास सव्वा तास लागला असता तर तुम्ही तेवढं आधी निघाला असता आणि हा प्रश्न विचारलाच नसता. विमानाला जाणारा माणूस सरासरी वेळ धरून घराबाहेर पडत नाही, सगळ्यात वाईट दिवस डोक्यात ठेवून निघतो. म्हणून विमानतळाच्या रस्त्याचं काम हाती आलं की सरासरी वेग मी नंतर बघते. वीस दिवसांचे वेळ मांडते, त्यातला सगळ्यात वाईट एक सोडून देते आणि त्याच्या खालचा आकडा बघते. १९ दिवस किती वेळात पोचता येतं? तो आकडा आणि सरासरी यांत जेवढी तफावत, तेवढा वेळ प्रवासी घरच्या झोपेतून कापून विमानतळाच्या खुर्चीवर घालवतो. नव्या इंटरचेंजने ही तफावत कमी होणार नसेल, तर तो कितीही देखणा असला तरी विमानतळाच्या उपयोगाचा नाही.

आता तुमचे जास्तीचे ५५ मिनिटं कुठे गेले, ते शोधायला हवं. शिळफाट्याला गेले? तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीतून निघालेल्या ट्रेलरमागे गेले? कळंबोलीला गेले? की विमानतळाच्या दारात, गाडी टर्मिनलसमोर लावायला जागा नव्हती म्हणून गेले? यातलं उत्तर बदललं की उपायही बदलतो. विमानतळाच्या तोंडाशी इंटरचेंज बांधून कळंबोलीचा खोळंबा सुटत नाही.

याचं चांगलं उदाहरण बेंगळुरूचं आहे. तिथला देवनहळ्ळीचा विमानतळ मे २००८मध्ये सुरू झाला. महामार्गावरून विमानतळाकडे वळायला ट्रम्पेट पद्धतीचा इंटरचेंज, म्हणजे सिग्नलशिवाय डावीकडून वर चढायचं आणि वळसा घेऊन आत जायचं. फाट्याचं काम नीट झालं होतं. पण शहराच्या बाजूला, वीसेक किलोमीटर अलीकडे हेब्बाळला गाड्या तुंबत राहिल्या. पुढे तिथून विमानतळाकडे उन्नत रस्ता झाला, तरी हेब्बाळचं नाव निघालं की बेंगळुरूकर आजही घड्याळ बघतो. साखळीतली एक कडी मजबूत केली की ताण पुढच्या कमकुवत कडीवर जातो. दर वेळी हाच अनुभव येतो, तरी नकाशावर सगळ्यांचं बोट विमानतळाच्या फाट्यावरच पडतं, कारण इंटरचेंजचं चित्र तिथे छान दिसतं.

तुमच्या बाबतीत कळंबोलीकडे नीट बघायला हवं. सायन–पनवेल महामार्ग, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, जुना पुणे रस्ता, मुंब्र्याकडून येणारा तुमचा रस्ता आणि बंदराकडे जाणारा रस्ता, हे सगळे तिथे एकमेकांना भेटतात. विमानतळाला जाणाऱ्या मोटारी त्या गर्दीत थोड्याच असतात. बाकीची गर्दी विमानतळ नव्हता तेव्हाही होती.

विमानतळाभोवतीचे रस्ते डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला आम्र मार्ग, उरण फाट्यावरून गव्हाण फाट्याकडे जाणारा. दुसऱ्या अंगाला पळस्पे फाट्यावरून न्हावा–शेवा बंदराकडे जाणारा महामार्ग, ज्याला जुने लोक अजून जुन्या क्रमांकाने ‘चार ब’ म्हणतात. उत्तरेला खाडीपलीकडे सायन–पनवेल महामार्ग. आणि जानेवारी २०२४पासून शिवडीहून समुद्रावरून येणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू, ज्याचा एक उतार उलव्याजवळ शिवाजीनगरला आहे. रस्ते भरपूर आहेत. पण यातले दोन मुख्य रस्ते बंदराचे आहेत, आणि ही गोष्ट मुंबईच्या सहारला नव्हती. इथे चाकांची बॅग घेऊन घाईत निघालेला प्रवासी आणि ४० फुटी कंटेनर लादलेला ट्रेलर एकाच रस्त्यावर, एकाच फाट्यावर येतात. वाहतुकीच्या हिशेबात आम्ही एक ट्रक-ट्रेलर साडेचार मोटारींबरोबर धरतो. हा हिशेब सपाट रस्त्याचा. चढावाच्या रॅम्पवर, म्हणजे दोन रस्ते जोडणाऱ्या उतरत्या-चढत्या तुकड्यावर, भरलेला ट्रेलर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगायला लागला की साडेचार हा आकडाही कमी पडतो.

म्हणून इथे माझा पहिला आग्रह फाट्याच्या आकाराबद्दल नसेल. ट्रेलर आणि मोटार जिथे शक्य आहे तिथे आधीच वेगळे करा, असं मी म्हणेन. विमानतळाला जाणारी लेन दोन किलोमीटर आधीपासून बाजूला काढा, डिव्हायडर घालून. रंगाच्या पट्ट्यांवर विसंबू नका.

आता आकडे. विमानतळाच्या पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवाशांची आहे आणि सगळे टप्पे झाल्यावर ९ कोटींची. पहिला टप्पा पूर्ण भरला असं समजू. २ कोटींना ३६५ने भागलं की दिवसाला साधारण ५५ हजार प्रवासी. पुढचे आकडे मी हिशेबासाठी धरते आहे. खरं काम असेल तेव्हा ते मोजणीतूनच येतात. समजा पाचातला एक रेल्वेने किंवा बसने जातो. राहिले ४४ हजार. एका गाडीत सरासरी १.८ प्रवासी धरले तर साडेचोवीस हजार फेऱ्या. त्यात रिकाम्या फेऱ्या मिळवा: मुलगा वडिलांना सोडून परत जातो, टॅक्सी भाडं न घेता निघते. अशा १० हजार धरू. मिळून ३४ हजारांच्या वर. गर्दीच्या एका तासात दिवसाच्या ८ टक्के गाड्या येतात असं मानलं तर तासाला २७०० गाड्या, येणाऱ्या आणि जाणाऱ्या धरून, सगळ्या दिशांच्या. कर्मचारी आणि मालवाहतूक वेगळी.

या २७०० गाड्या तीन-चार दिशांत विभागल्या तर एका रॅम्पवर तासाला सहा-सातशे येतात. एक लेनचा नीट बांधलेला रॅम्प तासाला हजार-बाराशे गाड्या सहज पोटात घेतो. म्हणजे पहिल्या टप्प्यात केवळ विमानतळाच्या गाड्यांसाठी अवाढव्य इंटरचेंजची गरज नाही. आणि तोच हिशेब ९ कोटींना लावला तर तासाला १२ हजारांच्या वर गाड्या होतात. तेवढ्या पेलेल असा फाटा मी तरी काढू शकणार नाही. तिथे रेल्वे आणि मेट्रो लागणारच. नेरूळ–उरण मार्गावरचं तरघर स्थानक विमानतळाच्या जवळ आहे, आणि मला ते कोणत्याही क्लोव्हरलीफपेक्षा मोलाचं वाटतं. स्थानकातून टर्मिनलपर्यंत बॅग ओढत न दमता जाता आलं, तर पाचातला एक रेल्वेने जातो या माझ्या गृहीतकाऐवजी पाचातले दोन जातील, आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा एक मोठा हिस्सा आपोआप गळून पडेल.

आता तुमच्या क्लोव्हरलीफकडे येते. चार पाकळ्यांचा हा आकार दोन मोठे रस्ते एकमेकांना ओलांडून पुढे जातात तिथला. चेन्नईचं काथिपारा बघा, तिथल्या विमानतळाकडे जाताना लागतं. पण विमानतळाचा रस्ता सहसा ओलांडून पुढे जात नाही, टर्मिनलशी संपतो. म्हणजे फाटा तीन तोंडांचा. तीन तोंडांना चार पाकळ्या कशाला? तिथे ट्रम्पेट बसतो, एकाच लूपचा, म्हणजे एकाच गोल वळशाचा. राहिलेल्या वळणांना लांबट, सरळसे रॅम्प. तो एक लूप कोणाच्या वाट्याला द्यायचा, हा खरा निर्णय असतो. मी विमानतळाकडे जाणाऱ्याला शक्यतो सरळ रॅम्प देते आणि लूप परतणाऱ्याला. परतणाऱ्याला अर्धा मिनिट जास्त लागला तर तो अर्धा मिनिट उशिरा घरी पोचतो. जाणारा लूपवर अडकला तर त्याचं विमान जातं.

क्लोव्हरलीफची दुसरी अडचण पाकळ्यांच्या मधली. एका लूपवरून उतरलेली गाडी मुख्य रस्त्यात शिरायला बघते आणि त्याच शे-दीडशे मीटरच्या तुकड्यात दुसरी गाडी पुढच्या लूपकडे बाहेर पडायला बघते. दोघी एकमेकींना कापतात. मोटारी विरळ असतील तर चालून जातं. त्यात ट्रेलर आला की तुकडा गोठतो, आणि गोठला की त्याची शेपटी मुख्य महामार्गावर जाते.

“मग लूप मोठे करा, म्हणजे गाड्या वेगात जातील,” असं प्रत्येक बैठकीत कोणीतरी म्हणतं. हा हिशेब मी फळ्यावर करून दाखवते, तुम्हीही करून बघा. वळणाची त्रिज्या म्हणजे वेगाचा वर्ग भागिले १२७, आणि त्याला पुन्हा भागायचं रस्त्याच्या तिरप्या उताराच्या आणि टायरच्या घर्षणाच्या बेरजेने. उतार ७ टक्के आणि घर्षण ०.१५ धरलं तर बेरीज ०.२२. ताशी ४० किलोमीटरला त्रिज्या येते ५७ मीटर. ताशी ६०ला येते १२९ मीटर. लूप म्हणजे पाऊण वर्तुळ. पहिल्याची लांबी २६९ मीटर, ४०च्या वेगाने २४ सेकंद. दुसऱ्याची ६०८ मीटर, ६०च्या वेगाने ३६ सेकंद. म्हणजे वेग वाढवून प्रवासाला १२ सेकंद जास्तच लागले! आणि जमीन? पहिल्या वर्तुळाला अडीच एकर, दुसऱ्याला जवळजवळ १३. चार पाकळ्या असतील तर १० एकरांच्या जागी ५२. पनवेल–उलव्याच्या पट्ट्यात एवढी जमीन कोणाच्या तरी घरादारातून, मिठागरातून किंवा खाडीकाठच्या कांदळवनातून येणार. सेकंद वाचत नसताना ती मागणं मला पटत नाही. काही ठिकाणी मोठा लूप लागतोच, खासकरून अवजड वाहनं उलटण्याचा धोका असेल तर. पण वेळ वाचेल म्हणून नाही.

एवढ्यात एक प्रसंग सांगते, कारण तो माझ्या मनातून जात नाही. दुसऱ्या एका शहरात, विमानतळाच्या फाट्यावर पहाटे मोजणीला उभी होते. सव्वाचारची वेळ. आमची दोन मुलं खांबाखाली स्टुलावर बसून गाड्या टिपत होती, शेजारी चहाचा थर्मास. रस्ता तसा मोकळा. एक पांढरी टॅक्सी भरधाव आली, फाटा ओलांडून गेली आणि करकचून थांबली. रॅम्प आणि मुख्य रस्ता यांच्या मधल्या, पांढऱ्या पट्ट्या मारलेल्या त्रिकोणाच्या पुढे. चालकाने मागे वळून पाहिलं आणि गाडी रिव्हर्स घेतली. मागून सिमेंटचा बल्कर येत होता. त्याने हॉर्न दाबून धरला आणि कसाबसा बाजूने निघाला. वाऱ्याने आमचे कागद उडाले. टॅक्सीच्या मागच्या काचेतून एक बाई दिसत होत्या, त्यांनी मांडीवरची बॅग घट्ट धरली होती. चालकाला दोष देणं सोपं होतं. पण मी नंतर दोन किलोमीटर मागे जाऊन तीच वाट गाडीने आले, तेव्हा कळलं की विमानतळाची पाटी फाट्याच्या जेमतेम दीडशे मीटर आधी होती, आणि तीही एका जाहिरातीच्या फलकाने अर्धी झाकलेली. ताशी ८०च्या वेगात दीडशे मीटर म्हणजे सात सेकंदही नाहीत. तेवढ्यात वाचायचं, समजून घ्यायचं आणि तीन लेन ओलांडायच्या.

त्या दिवसापासून इंटरचेंजचा नकाशा आला की मी आधी पाट्या लावते, मग रॅम्प बघते. दोन किलोमीटरवर एक, एकवर एक, पाचशे मीटरवर एक, आणि फाट्यावर बाण. विमानतळाला जाणारा माणूस बऱ्याचदा त्या रस्त्यावर पहिल्यांदाच आलेला असतो, घाईत असतो आणि पहाटे अर्धवट झोपेत असतो. रोज ऑफिसला जाणाऱ्याचा फाटा आणि विमानतळाचा फाटा हे म्हणून वेगळे. आणि फाटा चुकलाच तर पुढचं वळण कुठे? ते सहा किलोमीटरवर असेल तर लोक रिव्हर्स घेणार, कितीही फलक लावा. चुकलेल्याला दीड-दोन किलोमीटरच्या आत परत फिरायची सोय देणं हे माझ्या दृष्टीने नियोजनाचंच काम आहे, पोलिसांचं नाही.

त्याच मोजणीतून आणखी एक गोष्ट कळली. त्या प्रकल्पाच्या आधीच्या अहवालात वाहतूक सकाळी ६ ते रात्री १० मोजली होती. शहरातल्या चौकाला ते पुरतं. विमानतळाची एक मोठी लाट पहाटे साडेतीन ते साडेपाचमध्ये येत होती, आणि तीच नेमकी कागदावर नव्हती. शिवाय विमानतळावरचे कर्मचारी. सुरक्षा, सामान उचलणारे, खानपान, सफाई, दुकानं, सगळ्यांच्या पाळ्या एकाच वेळी बदलतात. प्रवासी वर्षातून चार वेळा त्या फाट्यावरून जातो, कर्मचारी दिवसातून दोनदा, आणि तेही बहुतेक दुचाकीवर. दुचाकीला रॅम्पवर जागा ठेवली नाही तर ती उलट्या दिशेने सर्व्हिस रोडवरून येते. मोजणी चोवीस तासांची हवी, सलग सात दिवसांची हवी, आणि सुट्टीच्या हंगामात एकदा वेगळी हवी. यावर मी तडजोड करत नाही.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: आधी वेळ कुठे वाया जातो ते शोधा, मग चोवीस तासांच्या गाड्या मोजा, मग ट्रेलर आणि मोटारी वेगळ्या करा, आणि फाट्याचा आकार या सगळ्यानंतर ठरवा.

पण इंटरचेंज उत्तम झाला तरी तो ज्या दारात गाड्या नेऊन सोडतो, त्या दाराचं काय? टर्मिनलसमोर गाडी थांबते, डिकी उघडते, तीन बॅगा उतरतात, आजीला हात देऊन खाली घेतलं जातं, एक फोटो होतो. कुटुंबाच्या गाडीला यात चार-पाच मिनिटं सहज जातात. थांबायला समजा ४० गाड्यांची जागा आहे आणि प्रत्येक गाडी ४ मिनिटं घेते, तर तासाला ६०० गाड्या मोकळ्या होतात. रॅम्पवरून हजार आल्या तर ४०० गाड्या मागे उभ्या राहणार. एक गाडी साधारण सात मीटर जागा अडवते. चारशे गाड्यांची एकच रांग लावली तर २८०० मीटर, म्हणजे रॅम्प भरून महामार्गावर. मग सगळे म्हणणार, इंटरचेंज फसला. म्हणून मी नियोजन उलट्या दिशेने करते, टर्मिनलच्या दारापासून महामार्गाकडे. दारात तासाला किती गाड्या सुटतात हे आधी, मग गाडीतळ, मग फाटकावरची नोंद, आणि शेवटी रॅम्प.

घ्यायला येणाऱ्यांची गोष्ट याहून वेगळी. विमान उतरायला अर्धा तास आहे, गाडीतळाचे पैसे कशाला द्या, म्हणून लोक महामार्गाच्या कडेला गाडी लावून बसतात. टॅक्सीवालेही. त्यांना ओरडून उपयोग नाही. फाट्याच्या आत, महामार्गापासून दूर, फुकट थांबायची जागा द्या. स्वच्छतागृह, चहाची टपरी आणि विमानांच्या वेळा दाखवणारा फलक. हे कमी खर्चाचं काम आहे आणि मोठ्या पुलापेक्षा जास्त उपयोगाचं. आराखड्यात ते बहुतेक वेळा सगळ्यात आधी कापलं जातं, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

विमानतळाजवळचा पूल हा इतर पुलांसारखा नसतो, तेही सांगायला हवं. महामार्गाच्या वर साडेपाच मीटर मोकळी उंची सोडावी लागते. त्यावर गर्डर, म्हणजे पुलाची तुळई, धरला की पुलाचा माथा आठ मीटरच्या आसपास जातो. त्यावर दहा-बारा मीटरचे दिव्याचे खांब. धावपट्टीच्या दोन्ही टोकांना विमान उतरण्याचा जो तिरपा पट्टा असतो, त्यात किती उंच बांधता येतं याच्या मर्यादा ठरलेल्या असतात आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाची परवानगी लागते. पूल या मर्यादेत बसला तरी गर्डर चढवणारी क्रेन बसतेच असं नाही, कारण तिचा बूम, म्हणजे लांब हात, पुलाच्या कितीतरी वर जातो. मग काम रात्रीच्या ठरावीक तासांत, विमानांच्या वेळा सांभाळून करावं लागतं. दिव्यांचा प्रकाश वर जाता कामा नये, आणि दिव्यांची रांग धावपट्टीच्या दिव्यांसारखी दिसता कामा नये. आणि लूपच्या पोटातली जमीन! तिथे मातीचा उपसा झालेला असतो, पावसाळ्यात पाणी साचतं, गवत वाढतं, बगळे येतात. विमानतळाशेजारी पक्ष्यांना बोलावणं म्हणजे विमानाला धोका. नवी मुंबईत उलवे नदीचा प्रवाह वळवून आणि जमिनीवर भराव घालून विमानतळ उभा राहिला आहे. अशा ठिकाणी लूपमधलं पाणी कुठे जाणार हा प्रश्न पहिल्या आठवड्यात विचारायचा असतो.

गावांचं काय होतं, हेही याच टप्प्यावर बघायला हवं. महामार्गाच्या एका अंगाला घर, दुसऱ्या अंगाला शेत, शाळा किंवा मच्छीबाजार असलेली माणसं इंटरचेंजमुळे कायमची तुटू शकतात. आधी जिथे रस्ता ओलांडता येत होता तिथे रॅम्पची भिंत उभी राहते. भुयारी रस्ता देतात, तो पावसात भरतो. त्याची तळपातळी शेजारच्या नाल्याच्या वर ठेवायची, हे लिहायला एक ओळ लागते, पण ती ओळ नसली की चार महिने मुलं महामार्ग ओलांडून शाळेत जातात. मी जिथे जिथे काम केलं तिथे गावाची बैठक घेऊन नकाशावर त्यांच्या पायवाटा काढून घेतल्या. प्रत्येक वेळी अशी एक तरी वाट निघाली जी आमच्या सर्वेक्षणात नव्हती.

वर्षं का लागतात, याचं उत्तर आता तुम्हाला बरंचसं दिसत असेल. बांधायला दोन-तीन वर्षं. त्याआधी जमीन घेणं, अतिउच्च दाबाच्या वीजवाहिन्या आणि पाण्याच्या मोठ्या नळवाहिन्या हलवणं, रेल्वे मध्ये असेल तर तिची परवानगी, कांदळवन असेल तर न्यायालयाची. आणि रस्ता एकाचा, जमीन दुसऱ्याची, टर्मिनल तिसऱ्याचं. महामार्ग प्राधिकरण, सार्वजनिक बांधकाम विभाग, सिडको, विमानतळ चालवणारी कंपनी आणि वाहतूक पोलीस एका टेबलाशी बसेपर्यंत आराखडा पुढे सरकत नाही.

म्हणून रस्त्याचं काम विमानतळाच्या आधी सुरू व्हायला हवं, पण बहुधा उलटं होतं. गोव्यात मोपाच्या विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ला विमानं सुरू झाली. राष्ट्रीय महामार्ग ६६ला जोडणारा धारगळचा सहा पदरी रस्ता खुला झाला ११ जुलै २०२४ला. मधले दीड वर्ष पेडण्याच्या गावांतल्या रस्त्यांनी ते ओझं वाहिलं. मुंबईत सहारला मात्र दोन्ही गोष्टी जुळून आल्या. नवं टर्मिनल १२ फेब्रुवारी २०१४ला सुरू झालं आणि पश्चिम द्रुतगती महामार्गावरून थेट टर्मिनलपर्यंत जाणारा उन्नत रस्ताही त्याच दिवशी खुला झाला. चौकांमधले सिग्नल एका दिवसात टळले. पश्चिम द्रुतगती महामार्गावरची गर्दी त्याने कमी झाली नाही, ते त्याचं कामही नव्हतं. पण शेवटच्या दोन किलोमीटरचा भरवसा आला, आणि प्रवाशाला तोच हवा असतो.

आणखी एक गोष्ट, जी मी प्रत्येक विमानतळाच्या बाबतीत मागते: दुसरं दार. एकच फाटा असेल आणि त्यावर एक टँकर आडवा झाला, तर त्या तीन तासांतली सगळी विमानं रिकाम्या खुर्च्या घेऊन उडतील. नवी मुंबईला भूगोलाने हे सोपं करून दिलं आहे, कारण दोन अंगांना दोन वेगळे महामार्ग आहेत. पैसे मर्यादित असतील तर एका फाट्यावर मोठा क्लोव्हरलीफ बांधण्यापेक्षा दोन बाजूंना दोन साधे ट्रम्पेट मी निवडेन, दोन्ही आतून एकमेकांना जोडलेले. आणि कोणता फाटा मोकळा आहे हे कळंबोली, उरण फाटा आणि अटल सेतूच्या अलीकडे, म्हणजे जिथे अजून वाट बदलता येते तिथे, फलकावर दाखवेन.

तुमच्यासाठी आजचा व्यवहार्य सल्ला एवढाच. पुढच्या पाच-सहा खेपांना फोनमध्ये चार वेळा टिपून ठेवा: शिळफाटा सोडला ती वेळ, कळंबोली ओलांडलं ती, विमानतळाच्या फाट्यावर वळलात ती, आणि गाडीतून खाली उतरलात ती. तुमच्या इमारतीतून जाणाऱ्या आणखी चौघांनाही हेच सांगा. तारीख, वार आणि निघायची वेळ सोबत हवी. वीस खेपांचे आकडे जमले की मला पाठवा. तुमचे ५५ मिनिटं नेमके कोणत्या तुकड्यात जातात ते मी काढून देते, आणि मग सूचना-हरकतींच्या वेळी तुम्हाला तो कागद घेऊन उभं राहता येईल.